आपल्यातली

एका बुधवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास जयानं आपल्या सख्ख्या बहिणीला ओळख दिली नाही. ठरवून असं काहीच झालं नव्हतं. गच्चीवर कपडे वाळत घालून ती खाली येत होती, आणि भिंतीपलीकडून शेजारच्या लतिकाताईंनी हाक मारली, "जया, अगं जरा इकडे ये. माझी नवी स्वयंपाकवाली बघ. आपल्यातलीच मिळाली, मराठी!" जया भिंतीशी गेली. पलीकडच्या मागच्या दारात विजया उभी होती. हातात कोथिंबिरीची जुडी, पदर कमरेला खोचलेला, कानाजवळ पांढऱ्या केसांची एक बट. चार वर्षांपूर्वी ती बट नव्हती. "गोंदियाकडची आहे, तुझ्याच बाजूची," लतिकाताई कौतुकानं म्हणाल्या. "बोला तुम्ही, ओळख निघेल बघ कुठेतरी." विजयानं जयाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू यायला निघालं होतं, ओठांच्या कडेपर्यंत आलं होतं, पण तिथंच थांबलं. मोठीनं आधी बोलायचं ही दोघींची लहानपणापासूनची रीत होती. मग जया बोलली. "गोंदिया काय लहान आहे, लतिकाताई?" असं म्हणाली आणि वर हसलीसुद्धा. विजयानं कोथिंबिरीची जुडी दुसऱ्या हातात घेतली. "मोठा आहे," ती म्हणाली. "लय मोठा आहे." आणि कोथिंबीर घेऊन आत गेली.

घरात येऊन जयानं हातातली बादली मोरीत ठेवली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की बादली रिकामीच होती आणि तरी खांदा भरल्या बादलीनं दुखावा तसा दुखत होता. तिनं कणीक काढली, पाणी घातलं, पुन्हा थोडी कणीक घातली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दोन घरांच्या मध्ये फक्त ती बुटकी भिंत होती, कुकर, फोडणी, पाट्यावरचा आवाज, सगळं इकडे यायचं. आजवर ते शेजारचं होतं, आता त्या प्रत्येक आवाजामागे विजूचा हात होता. तिला नवल वाटत होतं ते आपल्या वाक्याचं. ते इतकं तयार कसं होतं? माणूस घाबरला की अडखळतो. ती अडखळली नव्हती. जणू जुनवानीत हे घर घेतल्या दिवसापासून ते वाक्य तिनं तोंडात धरून ठेवलं होतं. घराची वास्तुशांती केली तेव्हा दीडशे पान उठलं. नवऱ्याच्या, हेमराजच्या, डिपार्टमेंटचे लोक आले, लेकीच्या, हर्षाच्या, कॉलेजातले आले, या गल्लीतले सगळे आले. विजूला तिनं नंतर फोन केला, "फार घाईत झालं गं, कोणालाच सांगता आलं नाही." विजू तिकडून म्हणाली होती, "होते तसं, बाई." त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणत. त्यानंतर चार वर्षं दोघी भेटल्या नव्हत्या. विजू खुर्सीपारची खोली सोडून कोहक्याला भाड्यानं राहायला आली आहे, एवढं कानावर आलं होतं; कोहका इथून सायकलनं पंधरा मिनिटं.

"आम्ही मिडल क्लास माणसं," हे जयाचं आवडतं वाक्य होतं. भाजीवाल्याशी घासाघीस करताना, हर्षाच्या शाळेतल्या बाईंसमोर, विम्याच्या एजंटसमोर, ती ते गरिबीच्या सुरात म्हणायची, पण त्यात एक अभिमान असायचा तो तिचा तिलाच कळायचा. हा शब्द ती गावाहून घेऊन आली नव्हती. गावात ज्याची शेती जास्त तो मोठा आणि ज्याची कमी तो लहान, एवढंच होतं. लग्न होऊन ती पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर चारच्या क्वार्टरमध्ये आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात अंगणातल्या नळाशी उकिडवी बसून भांडी घासत होती. समोरची बाई जाता जाता हसून म्हणाली, "अंदर नल है ना? बाहर तो लेबर क्लास बैठती है." जयाला शब्द कळला नाही, हसू कळलं. संध्याकाळी तिनं हेमराजला विचारलं. रोलिंग मिलमध्ये परमनंट लागून त्याला दोन वर्षं झाली होती, त्या नोकरीचा ताठा त्याच्या पाठीच्या कण्यातच उतरला होता. तो म्हणाला, "ते ठेकेदाराचे लोक. आपण नाही त्याच्यात. आपण सर्व्हिसवाले." दुसऱ्या दिवसापासून जया आत, उभ्यानं भांडी घासू लागली. मग एकेक गोष्ट सुटत गेली. मोठ्यानं हाक मारणं सुटलं. दारात बसून केस विंचरणं सुटलं. 'मले' सुटलं. माहेरी गेली असताना ती एकदा सहज "मला पाणी दे" म्हणाली, तेव्हा चुलीपुढच्या मायनं मागं वळून पाहिलं होतं, घरात दुसरं कोणी आलं की काय म्हणून.

आणि विजू तिच्याहून सगळ्या बाबतीत उजवी होती, हीच तर गोष्ट होती. विजू बारावी पास, जया दहावीत दोनदा अडकलेली. जयाची सासरहून आलेली पत्रं माय विजूकडून वाचून घ्यायची आणि म्हणायची, जयाच्या पत्रात चुका लय असतात. हेमराजचं स्थळ आलं तेव्हा जया मोठी म्हणून जयाला दाखवलं. दीड वर्षानं विजूसाठी स्थळ पाहायची वेळ आली तेव्हा ते जयानंच आणलं. हिरालाल त्याच मिलमध्ये ठेकेदाराकडे होता, हेमराजच्या हाताखाली काम शिकलेला, निर्व्यसनी, दिसायला हेमराजपेक्षा बरा. "दोन वर्षात परमनंट होते तो," हेमराजनं मायला सांगितलं होतं. खोटं बोलला नव्हता, त्याला तसं खरंच वाटलं होतं. ती दोन वर्षं पुढं सरकत सरकत वीस झाली. मग एक दिवस ठेका संपला आणि नव्या ठेकेदाराला तरुण पोरं हवी होती. या सगळ्यात विजूनं काय चुकीचं केलं होतं, आणि आपण काय बरोबर केलं होतं, हे जयाला कधी सापडलं नाही. सापडलं नाही म्हणूनच तिला त्याची भीती वाटायची. कमावलेलं असतं तर ते आपलं म्हणून धरता आलं असतं.

सुरुवातीला येणं-जाणं होतं. पोळ्याला, दिवाळीला विजू पोरांना घेऊन क्वार्टरवर यायची. हर्षा सहावीत असतानाची गोष्ट. सगळे जेवायला बसले होते आणि हर्षा वरणभात ओरपून खात होती. जया तिच्यावर खेकसली, "लेबर क्लाससारखी खाऊ नको." घरात रोज म्हणायची तसंच म्हणाली. पण शेजारी विजूचा मोठा, निखिल, बसला होता. त्यानं घास हातात धरून विचारलं, "मावशी, लेबर क्लास म्हणजे काय?" हेमराज पाणी प्यायला लागला. विजूनं निखिलच्या ताटात भात वाढला आणि साध्या आवाजात म्हणाली, "म्हणजे आपण. जेव आता." तिच्या आवाजात ना राग होता ना टोमणा, 'आज सोमवार' म्हणावं तसं ती म्हणाली. जयाला वाटलं, ही हे इतक्या सहज कशी म्हणू शकते? तिला स्वतःला काही म्हणवून घ्यायची गरजच नाही की काय? त्या दिवसापासून विजू कमी येऊ लागली आणि जयाला, कबूल करायला नको वाटे, पण हलकं वाटू लागलं.

संध्याकाळी हेमराज ड्यूटीवरून आला, तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. घरात दोघंच असले की जुनी बोली आपोआप यायची. त्यानं चहा संपवला, कप खाली ठेवला. "बरं केलं," तो म्हणाला. "सांगतलं असतं तर तिचंच काम गेलं असतं. शेजारणीच्या बहिणीले सैपाकाले कोण ठेवते?" हे जयाला सुचलं नव्हतं. तिनं ते लगेच धरलं. ओळख दिली नाही ती विजूसाठीच, असं दोन दिवस मनाशी घोळवलं. तिसऱ्या दिवशी ते आपोआप पुसट झालं. "आणि हर्षाचं चालू आहे ना तिकडं," हेमराज पुढं म्हणाला होता. खरं कारण तेच होतं. हर्षा पुण्यात नोकरीला होती आणि तिथंच लतिकाताईंचा भाचा अनिमेष होता. दोघांचं जमलं होतं, आता घरच्यांचं जमायचं होतं. अनिमेषचे आईवडील रायपूरचे, तीन पिढ्या तिकडे, वडील प्रोफेसर. लतिकाताई मध्यस्थ. त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, म्हणूनच त्या सगळं सांगायच्या. एकदा भिंतीवरून म्हणाल्या, "अनिमेषच्या आईचा, नीरजावहिनींचा फोन होता. विचारत होत्या, मुलीचे वडील प्लांटमध्ये म्हणजे वर्करच ना? मी म्हटलं, वहिनी, आता तसं काही राहिलंय का? जाऊन घर बघा त्यांचं, आमच्यापेक्षा नीट ठेवलंय. माणसं बघा." जया म्हणाली, "हो ना, माणसं बघायची." आत येऊन ती बैठकीतल्या सोफ्यावर बसली, जिथं ती एरवी कधी बसत नसे. सोफा, काचेचं कपाट, पडदे. तिला वाटलं होतं, भिंत आपल्या पाठीमागे आहे आणि आपण तिच्या अलीकडे सुखरूप आलो आहोत. हे तिच्या मनात आलं नव्हतं की पुढंही कोणीतरी भिंतीवरून वाकून बघतं आहे.

दिवस जात राहिले. विजू साडेआठला यायची, सायकल लिंबाखाली लावायची, साडेअकराला जायची. जया त्या तीन तासांत मागच्या दाराशी जायचं टाळायची, तुळशीला पाणी सहालाच घालायची. समोरासमोर आलंच तर विजू मान खाली घालायची. लाजेनं नाही, सांगितलेलं काम करावं तशी. एका दुपारी लतिकाताईंनी भिंतीवरून वाटी दिली. "चव बघ. तुमच्याकडची लाखोरीची डाळ. ह्यांनी तर बोटं चाटली." जयानं वाटी घेतली आणि ओट्याशी उभ्यानं, चमच्यानं, मग बोटानं, सगळी संपवली. लसूण किंचित जाळलेला, वरून कच्चं तेल. हे मायच्या हातचं होतं, आणि ते विजूकडे गेलं होतं, जयाकडे आलं नव्हतं. जया स्वयंपाक लोकांच्या घरी पाहून पाहून शिकली. वाटी धुऊन परत देताना ती म्हणाली, "छान आहे, फक्त तिखट जरा जास्त झालं." लतिकाताई आत वळून म्हणाल्या, "विजया, ऐकलं का? उद्या तिखट बेतानं घाल." आतून आवाज आला, "हो, ताई."

एकदाच दोघी एकट्या भेटल्या. लतिकाताई दुर्गला लग्नाला गेल्या होत्या, विजूला माहीत नव्हतं, ती कुलूप पाहून फाटकाशी उभी होती. गल्लीत दुसरं कोणी नव्हतं. जया बाहेर आली. "विजू," ती हळू म्हणाली. विजूनं तिच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, पहिल्यांदाच. "वाळली व बाई तू," ती म्हणाली. जयाला हे अपेक्षित नव्हतं. विजूच्या रागाला तोंड द्यायची तिची तयारी होती. "दुसरीकडं काम नाही भेटलं का तुले?" तिनं विचारलं. "भेटते ना. पण ही बाई चांगली आहे. खुर्चीवर बसवून चहा देते." विजू सायकलच्या घंटीवरची धूळ अंगठ्यानं पुसत होती. "मले ठाऊक नव्हतं तुहं घर इथं आहे म्हणून. ठाऊक असतं तर आली नसती. आता महिन्याच्या मधात सोडू कशी?" जया म्हणाली, "सोड असं नाही म्हणून राहिली मी. हर्षाचं जुळू दे, मग मीच सांगतो लतिकाताईले." विजू हसली. लहानपणी जया हिशेबात चुकली की ती अशी हसायची. "जुळल्यावर सांगशील? तेव्हा तं आणखीच नाही सांगणार तू." मग सायकलवर बसता बसता म्हणाली, "मायची तब्येत बरी नाही म्हणे. शामरावले फोन करजो." शामराव त्यांचा भाऊ, गावी मायजवळ राहणारा. जयानं त्या दिवशी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी करायचा राहिला.

मग पंधरा दिवसांनी, मंगळवारी सकाळी, शामरावचा फोन आला. तिनं तो कानाला लावला आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडे विजू ओरडली. शामरावनं आधी हिरालालला कळवलं होतं, आणि त्याचा फोन तिला तेव्हाच लागला होता. "माय गेली," तो इकडे सांगत होता, आणि पलीकडे विजू मोकळ्या गळ्यानं, "माय व, माय व," असं ओरडत होती, आणि लतिकाताईंची धावपळ, पाण्याचा तांब्या, सगळं जयाला ऐकू येत होतं. जयाच्या पोटातून तोच आवाज वर आला. तो गळ्यापर्यंत आला आणि तिला कळलं की आता इथून आवाज गेला तर एकाच वेळी दोन घरांत दोन बाया रडत असतील, आणि कोणीही दोन आणि दोन चार करील. तिनं ओट्यावरचा मिक्सर चालू केला. भांडं रिकामं होतं. त्या घरघरीत तिनं तोंडात पदर कोंबला आणि वाकून उभी राहिली. मिक्सर जळका वास सोडायला लागला तेव्हा तिनं तो बंद केला, आणि रडणंही त्याच्याबरोबर बंद झालं. ते पुन्हा आलं नाही.

लतिकाताई भिंतीशी आल्या. त्यांचे डोळे ओले होते. "अगं, माझ्या विजयाची आई गेली. बिचारी कोसळलीच." जया म्हणाली, "अरेरे." मग म्हणाली, आम्हीही निघतोच आहोत, राजनांदगावला, यांच्या मामांना दवाखान्यात ठेवलंय. हे कुठून आलं तिला कळलं नाही. लतिकाताईंचा चेहरा उजळला. "मग हिला दुर्ग स्टेशनवर सोडाल का? तिचा नवरा आणि मुलं तिथं येतायत. एवढं करा गं, पुण्य लागेल." त्यांनी स्वतः विजूला धरून आणलं, गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं, तिच्या हातात बिस्किटाचा पुडा आणि काही नोटा दिल्या. "पोचवा हो हिला नीट." हेमराज मान हलवून म्हणाला, "हो, हो."

गाडी गल्लीच्या वळणावर आली. मग जयानं पुढच्या सीटवरून हात मागं केला. तो हात मागं तसाच राहिला. विजू खिडकीतून बाहेर बघत होती, तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. "सकाळी चहा पिली होती म्हणे माय," ती म्हणाली. "कप स्वतः धुवून ठेवला." हेमराजनं आरशात पाहिलं. "विजया, आता सोबतच जाऊ. हिरालालले अन् पोट्ट्याईले घेऊन घेऊ स्टेशनवरून, दाटीवाटीनं बसू." विजू म्हणाली, "नाही भाऊजी. स्टेशनवर उतरतो मी. तुमाले स्टेशनपर्यंतच सांगतलं हाये." जया गर्रकन वळली. "कावून व असं करून राहिली? आजच्या दिवशी तरी! मायसाठी तरी!" तिची स्वतःची बोली तिला कित्येक वर्षांनी इतकी मोठ्यानं ऐकू आली. विजूनं तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत दयाच होती, तीच जयाला सहन झाली नाही. "मायसाठीच सांगतलं ना तू," विजू म्हणाली, "का राजनांदगावले मामा बिमार हायेत म्हणून?" दुर्ग स्टेशन आलं. उतरताना तिनं बिस्किटाचा पुडा सीटवर ठेवला. "रागात नाही मी, बाई. पोट्टे उभे हायेत तिकडं," म्हणाली, आणि गेली.

गाडी विजूच्या पॅसेंजरच्या आधी गावात पोचली. मायला अंगणात ठेवलं होतं. बाया बाजूला सरल्या, "जयाबाईले जागा द्या व," कोणी म्हणालं, आणि कोणीतरी घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली. जयाला खाली बसायचं होतं, पण खुर्ची आणलीच होती, सगळे बघत होते, ती खुर्चीवर बसली. शामरावच्या बायकोनं तिला काचेच्या ग्लासात पाणी दिलं. बाकीच्यांना तांब्या फिरत होता. विजू दोनला आली. ती फाटकातूनच धावत आली आणि मायच्या पायांशी पडून जुन्या रीतीनं रडली, मायनं काय काय केलं, कुठल्या उन्हात कुठलं धान काढलं, कोणाच्या बाळंतपणाला कशी धावली, एकेक नाव घेऊन, सुरात. आणि तिच्या प्रत्येक ओळीनंतर बायांचा हुंदका उठत होता. साऱ्या अंगणानं मायला त्या रडण्यात पाहिलं. जया ओठ मिटून बसली होती. आवाज न करता रडायचं, हे ती शहरात शिकली होती. तेच सभ्य असतं असं तिला वाटत आलं होतं, आणि आता तेसुद्धा येत नव्हतं. मागं एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "साहेबीण झाली ते. त्याईचं असंच असते." त्यात निंदा नव्हती, थोडा आदरच होता. मायला उचललं तेव्हा विजूला चार बायांनी धरलं. जयाला धरायला कोणी आलं नाही. ती पडेल असं कोणाला वाटलंच नाही.

लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवसांचं सुतक, हे जयानं परतल्यावर स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण रविवारी, सहाव्या दिवशी, रायपूरची माणसं यायची होती. हेमराज म्हणाला, "पुढं ढकलू." ती म्हणाली, "काय सांगून? माय गेली म्हणून? कधी गेली? मंगळवारी? लतिकाताईच्या सैपाकवालीची माय मंगळवारी गेली, गोंदियाकडची. अन् तुह्या राजनांदगावच्या मामांचं काय करशील?" सवाशे टनाची क्रेन हाताळणारा माणूस, असा बसला जसा दुसऱ्याच्या घरात बसावा. रविवारी तिनं केशरी जरीची साडी नेसली, श्रीखंड केलं, फुलं लावली. लतिकाताई म्हणाल्या, "माझी विजया असती तर मदतीला पाठवली असती." नीरजाबाई हळू बोलणाऱ्या, चष्म्यातून निरखणाऱ्या, चांगल्या होत्या. घर पाहिलं, हर्षाचे फोटो पाहिले, श्रीखंड दोनदा घेतलं. मग जिव्हाळ्यानं विचारलं, "तुमच्या माहेरी कोण कोण?" "एक भाऊ आहे. शेती बघतो." "बहिणी?" "नाही." "आणि आई?" बैठकीत पंखा फिरत होता. हेमराजनं मान वर केली. मायला अग्नी देऊन पाच दिवस झाले होते. 'आई गेली' म्हटलं की लगेच 'कधी?' येणार होतं. लतिकाताई शेजारीच बसल्या होत्या, वाटी हातात घेऊन, हसऱ्या चेहऱ्यानं. "आई आहे," जया म्हणाली. "गावीच असते. बरी आहे." "अरे वा!" नीरजाबाई म्हणाल्या. "मग साखरपुड्याला त्यांना आणायचंच हं. आजीचा आशीर्वाद हवा." त्या क्षणी जयाला स्पष्ट दिसलं की आता मायला पुन्हा एकदा मरावं लागेल, आणि त्या मरणाची तारीख आपल्याला ठरवावी लागेल, आणि त्या वेळी आपल्याला सगळ्यांसमोर रडावं लागेल.

जमलं. पुढच्या रविवारी नीरजाबाई पुन्हा आल्या. मानपानाच्या साड्या सिविक सेंटरमध्ये तुमच्याच पसंतीनं घेऊ, म्हणाल्या. त्या दिवशी गावात मायची तेरवी होती. हेमराज पहाटेच एकटा गेला. जयाचं अंग दुखतं असं तिकडे सांगणार होता. दुकानात गादीवर त्या तिघी बसल्या, जया, लतिकाताई, नीरजाबाई. दुकानदार साड्यांच्या घड्या उलगडत होता, लतिकाताई गमतीनं कुरकुरत होत्या की त्यांच्या विजयाचा पत्ता नाही, फोन लागत नाही, ही माणसं अशीच, दोन दिवस म्हणतात आणि पंधरा दिवस घालवतात. "हो ना," जया म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती उठून दुकानाच्या पायरीवर गेली. ऊन टळटळीत होतं. "जेवणं झाले," हेमराज म्हणाला. त्याच्यामागे माणसांचा कालवा ऐकू येत होता. "मायच्या पेटीतले लुगडे वाटले. विजयानं एकच घेतलं, बाकीचे बाईले द्या म्हणे." तो थांबला. "अन् तिनं ते काम सोडलं. लतिकाताईचं. दुसरीकडं पाहिलं म्हणे तिनं, सुपेल्याले. मले म्हणाली, बाईले सांगा, आता मोकळी राह्य. आता कोणाले काही समजत नाही." जया ऐकत होती. समोरून ऑटो जात होते, एक बाई रस्त्यापलीकडे मुलाच्या तोंडावरचं आइस्क्रीम पुसत होती. आता कोणाला काही समजणार नव्हतं. विजू भिंतीपलीकडून निघून गेली होती, पंधराच दिवस आधी गेली असती तर माय गेली हे जयाला सांगता आलं असतं; नुसतं, साधं, जसं कोणीही सांगतं. "ऐकून राहिली ना?" हेमराजनं विचारलं. "हाव," ती म्हणाली, आणि फोन बंद केला.

आत नीरजाबाई तिची वाट बघत होत्या. त्यांच्या मांडीवर दोन साड्या उलगडलेल्या होत्या, एक मोरपंखी, एक फिकट मोतिया. "या, या. ही तुमच्या आईंसाठी घेते आहे मी," त्या म्हणाल्या. "आजीचा मान पहिला. मोतिया बरी वाटेल ना त्यांना? आणि हो, विचारायचं राहिलंच, त्या नऊवारी नेसतात की गोल?" दुकानदार हातातली घडी थांबवून बघत होता. मायनं जन्मात गोल पातळ नेसलं नव्हतं. शेतात, लग्नात, दवाखान्यात, तिरडीवर, तिच्या अंगावर लुगडंच होतं. जयानं मोतिया साडीच्या पदरावरून हात फिरवला, सूत मऊ होतं, महागाचं होतं.

"गोल," ती म्हणाली. "आई गोलच नेसते."